दोरावर कोण

माझ्या बिल्ल्यावर नुसतं 'मेहरुन' आहे.
'मेहरुन्निसा' त्या पट्टीत मावलं नाही.
काम सोपं : चष्मे पुसायचे.
एक माणूस समुद्रातून बाहेर आला
की त्याचा घाम, सुरमा, गालाची पावडर
स्पिरिटच्या फडक्याने टिपायची
आणि पुढच्याला बुडवायचं.

मुहर्रकच्या या दालनात
दिवसाला दीडशे माणसं तळाशी जाऊन येतात.
चार मिनिटं दहा सेकंद.
केस कोणाचे भिजत नाहीत.
अंगावरून मासे जातात, बायका किंचाळतात,
पोरं हवेतल्या हवेत शिंपले वेचतात
आणि मोती प्रत्येकाला मिळतो,
तसंच बसवलंय ते.
दाभोळच्या खाडीत ओहोटीला
मी कालवं फोडलीत.
बोट कापून घेतल्याशिवाय
कालव काही देत नाही.

मंगळवारी एक नातू आजोबांना घेऊन आला,
फवाझ, बोटात गाडीची किल्ली गरगर फिरवत.
म्हातारा अठ्ठ्याऐंशीचा.
काठी माझ्याकडे दिली, डोईचं गुत्रा काढेना.
मी पट्टा त्याच्यावरूनच आवळला.
'आजोबा होडीवर होते,' नातू म्हणाला,
'त्यांना मजा येईल.'

दोन मिनिटं तो गप्प.
मासे गेले. शिंपला उघडला.
त्याने हात पुढे केला नाही.
मग उजवा हात डोक्याच्या वर नेला
आणि काहीतरी चाचपू लागला,
वीज गेल्यावर भिंत चाचपतात तसा.

'रस्सी पे कौन?'

मोती मुंबईला जायचे त्या काळातली हिंदी,
मीठ चढलेली.
मी म्हटलं, बाबा, कोणी नाही, मशीन आहे.
'मशीन नहीं. ऊपर. रस्सी पे कौन?'

नातू हसला. मग हसायचा थांबला.
तुटकतुटक त्याने सांगितलं त्यातलं
मला कळलं ते इतकंच :
पाण्यात जायचा तो जुमा, थोरला भाऊ.
हा बारा वर्षांचा, वर, दोराशी.
एक हिसका म्हणजे ओढ.
त्याचा सगळा समुद्र
दोन बोटांमधला दोर होता.
आणि आज शहात्तर वर्षांनी
कंपनीने त्याला जुमाच्या जागी नेऊन ठेवलं
आणि त्याच्या जागी
कोणालाच ठेवलं नाही.

नियम आहे, पाहुण्याला हात लावू नये.
मी चष्म्याची वायर उचलली,
छतावरून लोंबणारी, काळी, गुळगुळीत,
आणि त्याच्या मुठीत दिली.
हिसका दिला त्याने. एकच.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.
इथे तर सुंभही नव्हता.
मी वरच्या टोकाने ओढलं,
जपून, वायर तुटली तर पगारातून जाते,
ओढत राहिले.
चित्रातलं पाणी उजळलं ते त्याच्या ठरल्या सेकंदाला,
पण माझ्या ओढण्यानेच तो वर आला
असं आम्ही दोघांनी धरून चाललो.

चष्मा निघाल्यावर तो काही बोलला नाही.
माझे दोन्ही तळहात उलटे करून बघितले,
कुठे सोललेत का.

दारापाशी टॅब्लेटवर पाच चेहरे असतात,
रडक्यापासून हसऱ्यापर्यंत.
त्याने एकही दाबला नाही.
मशीनने नोंद केली :
अनुभव अपूर्ण. मोती घेतला नाही.

बिजूसाहेबांना मी सांगितलं,
लोकांचा तोल जातो, धरायला काहीतरी हवं.
त्यांनी गोदामातून काथ्याचा एक तुकडा दिला,
सजावटीतून उरलेला.
आता तो वायरीशेजारी लोंबतो.
कशासाठी, बहुतेकांना कळत नाही.
काल एका शाळकरी पोरीने
उगाच, गंमत म्हणून, ओढला.

कळायच्या आत
फडकं खाली पडलं होतं
आणि मी उभी होते.